हायब्रिड गाड्यांसाठी शिकलेले मेकॅनिक हवेत

महोदय,

मानवतला आमचा कापसाचा व्यापार आहे. दोन वर्षांपूर्वी डिझेल गाडी विकून पेट्रोल-हायब्रिड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेली. यंदा मे महिन्यात आईला डोळे दाखवायला छत्रपती संभाजीनगरला नेत होतो. वाटूर फाट्याच्या अलीकडे मीटरवर इशाऱ्याचा त्रिकोण पेटला, खाली हायब्रिड सिस्टिम तपासण्याची इंग्रजी ओळ आली आणि गाडीची ओढच गेली. भर दुपारी लिंबाखाली तासभर थांबलो. आईची तगमग पाहवत नव्हती.

पुढे एका गॅरेजात स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला, दिवा विझला, पैसे घेतले. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! दुसऱ्या ठिकाणी तर कोड वाचून थेट सांगितलं, बॅटरी पॅक बदला. खर्च लाखाच्या घरात. तिथला एक पोरगा उघड्या हातांनी नारिंगी केबल चाचपत होता. त्या केबलमध्ये १५० व्होल्टहून जास्त दाब असतो. बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही दहा मिनिटं थांबावं लागतं, हातात इन्सुलेटेड मोजे लागतात. हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

शेवटी एका जाणत्या माणसाने मागच्या सीटजवळची जाळी काढली. बॅटरी थंड ठेवणारा पंखा तिथूनच गाडीतली हवा ओढतो. आतल्या फिल्टरवर कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा करडा थर, अगदी नमद्यासारखा. बोटाने सोलून निघाला. फिल्टर साफ केला, पंखा झटकला. त्यानंतर दिवा पेटलेला नाही.

हा फिल्टर अधूनमधून साफ करायचा असतो, जाळीपुढे पिशव्या ठेवायच्या नसतात, एवढंही गाडी देताना मला कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे धूळ आहे, कापूस आहे, उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा गाड्या आता परभणी, बीड, लातूर सगळीकडे दिसतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनला हायब्रिड गाड्यांच्या कारखान्याचा करार २०२४ मध्ये झाला. मग मराठवाड्यातल्या प्रत्येक आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना कोडमागचं कारण शोधायला आणि जास्त व्होल्टेजजवळ जपून काम करायला शिकवावं. आणि गाडीच्या किल्लीसोबत कोणता दिवा पेटला तर काय करायचं, याचं मराठी कार्ड कंपन्यांनी द्यावं. येत्या उन्हाळ्याच्या आत व्हावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मानवत (जि. परभणी)