परमिटवरची सही

ॲबरडीन, स्कॉटलंड
८ जुलै

तीर्थरूप बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मी समुद्रावर असताना येऊन पडले होते, ते परवा उतरल्यावर हाती आले. कंपनी मोठी आहे हे ठाऊक आहे, पण तिथे माणसाला कसे वागवतात ते तू कधी कळवत नाहीस, असे तुम्ही लिहिले आहे. फोनवर आपले बोलणे जेवण आणि पाऊसपाणी यांपलीकडे जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पत्र तुम्ही आईला वाचून दाखवाल, तेव्हा तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टीही तिच्यासाठी उलगडून लिहिल्या आहेत.

तुमचे चौदा दिवस मुंबई हायच्या तेलविहिरींवर आणि चौदा दिवस पनवेलला असत. माझे तीन आठवडे इथल्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आणि तीन आठवडे किनाऱ्यावर असतात. पाळी तीच, बारा तासांची. तुम्ही जुहूहून उडत होता, मी ॲबरडीनहून उडते. दर चार वर्षांनी आम्हाला हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्टा बांधून बसवतात, तो सांगाडा तलावात उलटा करतात आणि खिडकी ढकलून वर यायला लावतात. पहिल्या वर्षी मला मिळालेला, हेलिकॉप्टरमध्ये घालायचा रबरी पोशाख गळ्याशी सैल होता. इथले पाणी इतके गार असते की तेवढ्या फटीतून शिरलेले पाणीही जिवावर बेतू शकते. मी भांडारात तसे सांगितले, आणि पुढच्या फेरीला माझ्या मापाचा पोशाख तयार होता. सव्वाशे माणसांत आम्ही सहाच बायका आहोत, पण आमचे म्हणणे ऐकून घेतले जात नाही असे मला कधी वाटले नाही. पगार वेळेवर होतो, खोली स्वच्छ असते, आणि आजारी पडले तर कोणी कपाळाला आठी घालत नाही.

परवा, ६ जुलैला, मी इथल्या हेझलहेड बागेत गेले होते. पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर १९८८ साली त्याच तारखेला जी माणसे गेली, त्यांचे स्मारक तिथे आहे. तेलावर काम करणाऱ्या तीन कामगारांचे कांस्यपुतळे आहेत, आणि खाली १६७ नावे कोरलेली आहेत. आईला हे माहीत नसेल, म्हणून सांगते. तिथे दोन पंप होते. एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढून नेली होती आणि त्या जागी नुसती चकती बसवली होती. पंपाचे परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, वेगळे होते आणि झडपेचे वेगळे. संध्याकाळी पाळी बदलली, आणि झडप काढलेली आहे ही गोष्ट रात्रीच्या माणसांपर्यंत पोहोचली नाही. दहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा सुरू केला, आणि चकतीपाशी वायू सुटला. आग विझवण्याचे पंप आपोआप सुरू होण्याऐवजी हाताने चालवायचे करून ठेवले होते, कारण पाण्यात पाणबुडे उतरत असत आणि पंपाच्या ओढीने ते खेचले जाऊ नयेत अशी काळजी होती. शेजारचे प्लॅटफॉर्म मात्र त्याच वाहिनीत तेल आणि वायू सोडत राहिले. पुष्कळ माणसे राहण्याच्या मजल्यावर आदेशाची वाट पाहत थांबली आणि तिथेच गेली. वाचलेल्या ६१ जणांपैकी अनेकांनी कोणाच्याही आदेशाविना समुद्रात उड्या घेतल्या होत्या.

पुढे लॉर्ड कलन या न्यायाधीशांच्या चौकशीतून १९९० साली १०६ शिफारशी आल्या, आणि आमचा दिवस आजही त्यांच्यावर चालतो. परमिट लिहिण्याची रीत, पाळी सोपवताना समोरासमोर उभे राहून बोलणे, कामगारांनी आपल्यातूनच निवडून दिलेले सुरक्षा प्रतिनिधी, हे सगळे आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. आमच्या कंपनीत तर कोणीही, अगदी काल आलेला मदतनीससुद्धा, काम थांबवू शकतो. तसे प्रत्येक जिन्यापाशी लिहिलेले आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. परवा संपलेल्या फेरीच्या आधीच्या फेरीत एका पंपाच्या दुरुस्तीचे परमिट माझ्या सहीने निघाले. कोणती झडप बंद करून कुलूप लावायचे, तिचा क्रमांक त्यावर होता. कुलूप लावले असे मला पाळी सोपवताना सांगण्यात आले, आणि मी जागेवर न जाता सही केली. बाबा, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. काम सुरू होण्याआधी एक कंत्राटी फिटर जेवणघरात माझ्या टेबलापाशी आला आणि खाली मान घालून म्हणाला की परमिटवरचा क्रमांक आणि कुलपाच्या चिठ्ठीवरचा क्रमांक जुळत नाहीत. मी तिथूनच काम थांबवले. पाहिले तर कुलूप शेजारच्या वाहिनीवर लागलेले होते. सात तास काम बंद राहिले, सगळे नव्याने तपासले, आणि कोणाला खरचटलेसुद्धा नाही.

तू सगळ्यांसमोर का बोलला नाहीस, असे मी त्याला नंतर विचारले. त्याने एकच शब्द उच्चारला, एनआरबी. या समुद्रावर हा शब्द जुना आहे. 'या माणसाची पुन्हा गरज नाही,' असा त्याचा अर्थ, आणि तो शेरा एकदा बसला की कंत्राटदाराचा फोन येणे थांबते. हे आता राहिलेले नाही असे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, आणि माझा त्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत वरिष्ठांनी आमच्या तुकडीचे कौतुक केले. माझी चूकही नोंदली गेली, पण मला कोणी एका शब्दाने दुखावले नाही. एका दिवसाचे प्रशिक्षण पुन्हा घ्यायला सांगितले, एवढेच. त्यापुढच्या फेरीच्या यादीत मी होते आणि तो फिटर नव्हता. विचारल्यावर उत्तर मिळाले की त्याचे काम संपले होते आणि माणसे निवडणे हा कंत्राटदाराचा प्रश्न आहे. ते खरेही असेल. पण ज्याने चूक पकडली तो घरी बसला आहे आणि जिने चूक केली ती कामावर आहे, हे मला सहन होत नाही. कंपनी मला चांगले वागवते हे मी वर लिहिले, त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. फक्त ते वागणे माझ्या पगारपत्रकापाशी संपते, हे मला आठ वर्षांनी समजले याची लाज वाटते.

मी माझ्या नावानिशी लेखी निवेदन दिले आहे. सही न पाहता केली हे त्यात कबूल केले आहे, आणि त्या फिटरला पुढच्या फेरीला बोलवावे असे स्पष्ट मागितले आहे. आमच्या सुरक्षा प्रतिनिधीने ते समितीपुढे ठेवले आहे. इथे मंदी आहे, बरेच जण पवनचक्क्यांच्या कामाकडे वळत आहेत, आणि अशा दिवसांत वर नाव जाऊ देऊ नकोस असे दोघातिघांनी मला प्रेमाने बजावले. तरीही मी निवेदन परत घेणार नाही.

२००५ चा जुलै मला फार आठवतो. २६ तारखेच्या पावसाने फोन बंद होते, आणि २७ ला मुंबई हायवरचा प्लॅटफॉर्म पेटला. जखमी स्वयंपाक्याला खराब हवेत प्लॅटफॉर्मवर पोहोचवायला आलेले जहाज वाहिनीवर आदळले आणि २२ माणसे गेली. तुम्ही त्या पंधरवड्यात घरी होता. रात्रभर वही घेऊन बसला होता आणि त्या फेरीला गेलेल्यांची नावे लिहीत होता. तेव्हा मी शाळेत होते, आणि एकेका नावापुढे तुम्ही कंसात 'कं.' असे का लिहीत होता ते मला कळले नाही. आता कळते. ती वही अजून घरी असेल तर मला कळवा, आणि त्यातले किती जण तुमच्याशी मोकळेपणाने बोलत असत, तेही लिहा.

माझी पुढची फेरी २८ जुलैला आहे. यादी आदल्या आठवड्यात लागते. त्याचे नाव दिसले की त्याच दिवशी फोन करीन.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचे औषध संपत आले असेल, ते आणवून घ्यावे.

तुमची,
मृणाल