बाळंतपणाला मी गावी येत नाही

अनगोळ, बेळगाव
शुक्रवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न.

बाबा, हे पत्र आधी तुम्ही मनात वाचा आणि मग आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मी बरी आहे. बाळ हलतंय, आज सकाळपासून तर लाथा थांबतच नाहीत. हे पहिल्यांदा लिहिते, कारण पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले.

गेल्या आठवड्यात फोनवर "थोडा अशक्तपणा आहे, दोन दिवस सलाईन लावलंय" म्हणाले, ते खरं नव्हतं. आई, तू पलीकडे लगेच रडशील आणि बाबा रात्रीच गाडी काढतील, म्हणून खोटं बोलले. त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही. माझं प्रेशर १७०/११४ झालं होतं. दिवाळीपासून लॅबेटालॉलच्या गोळ्या चालू होत्या, ते तुम्हाला माहीत आहे. त्यातली एकही मी चुकवली नव्हती, तरी चढलं. सकाळपासून डोकं ठणकत होतं, संध्याकाळी डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. ह्यांनी रिक्षा बोलावली आणि दहा मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. ही दहा मिनिटं लक्षात ठेवा.

गरोदर बाईचं प्रेशर १६०/११०च्या वर गेलं की वाट बघत नाहीत, अर्ध्या-एक तासाच्या आत औषध देतात. मला निफेडिपिनची गोळी दिली आणि दर पंधरा मिनिटांनी दंडाला पट्टा. वीस-पंचवीस मिनिटांनी फारसं उतरलं नाही म्हणून आणखी एक. मग १५०/९६ला आलं. मी डॉक्टरबाईंना विचारलं, अजून खाली का आणत नाही? त्या म्हणाल्या, बाळाला रक्त वारेतून जातं, आईचं प्रेशर एकदम पाडलं तर बाळाचा पुरवठा तुटतो. आईच्या डोक्याला धोका राहणार नाही एवढंच उतरवायचं आणि तिथं धरून ठेवायचं. तेव्हापासून आकडा जरा जास्त दिसला तरी मी घाबरत नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल गोळीवर भागलं का, इंजेक्शन का नाही दिलं. मीही तेच विचारलं होतं. महाराष्ट्रात, नागपूरच्या दोन सरकारी दवाखान्यांत, अशा जवळजवळ नऊशे बायकांना तीन वेगवेगळी पोटात घ्यायची औषधं देऊन पाहिली होती. २०१९ साली त्याचा निकाल छापून आला. निफेडिपिन घेतलेल्या शंभरातल्या ८४ जणींचं प्रेशर सहा तासांत, काही अपाय न होता ताब्यात आलं. लॅबेटालॉलच्या ७७, मेथिलडोपाच्या ७६. म्हणजे तिन्ही साध्या, स्वस्त गोळ्या, आणि तिन्ही कामाच्या.

पण झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शनं मात्र घ्यावी लागली. एक शिरेतून सावकाश, मग दोन्ही कुल्ल्यांत, आणि पुढं दर चार तासांनी एक. शिरेतून जाताना सगळं अंग चुलीपुढं बसल्यासारखं तापतं. सिस्टर येऊन गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का बघायच्या, लघवी मोजायच्या, श्वास मोजायच्या, कारण औषध अंगात जास्त झालं तर आधी गुडघ्याची उडी जाते. त्यातल्या एक गोकाककडच्या होत्या, कानडीत म्हणाल्या, "अंजब्याड अक्का", घाबरू नको ताई. मला आई तू जवळ बसल्यासारखं वाटलं आणि मी तिथंच रडले.

बाबा, त्या रात्री मला सारखी धाकटी आत्या आठवत होती. तिला नेलेल्या त्या जीपबद्दल तुम्ही कधी बोलला नाही आणि मी विचारणारही नाही. एवढंच सांगते, आजी ज्याला वारं लागलं म्हणायची ते गरोदरपणातल्या याच प्रेशरच्या आजाराचे झटके. त्याला हे इंजेक्शन आहे. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, त्यात या इंजेक्शनानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं. आत्याच्या वेळी तुम्ही उशीर केला नव्हता. गावात ते औषध नव्हतं आणि हा आजार काय आहे हे तुम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं.

आता जे ठरवलं ते. मी बाळंतपणाला गावी येत नाही. इथंच होईन.

आई, तू मधली खोली सारवून घेतलीस, बाजेखालच्या शेगडीसाठी कोळसे भरून ठेवलेस, सगळं वहिनीनं सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं मलाही लहानपणापासून वाटायचं. पण गोळ्यांनी प्रेशर खाली राहतं, आजार जात नाही. तो बाळंत झाल्यावरच उतरणीला लागतो. डॉक्टरबाई ३७ आठवड्यांपर्यंत न्यायचा प्रयत्न करणार आहेत, त्यापुढं थांबणार नाहीत. रक्ताच्या तपासणीत काही बिघडलं किंवा प्रेशर परत चढलं तर त्याआधीच. त्यासाठी बाळाची फुप्फुसं तयार व्हायची इंजेक्शनंही देऊन झालीत. आणि आपल्या घरापासून जांबोटीपर्यंत यायचं, तिथून बेळगाव, रात्रीची वेळ, फोनला रेंज नाही. १०८ला फोन कुठून लावणार? इथून दवाखाना दहा मिनिटांवर आहे. सासूबाईंनी किंवा ह्यांनी मला अडवलेलं नाही, मीच ठरवलं. त्यांच्यावर राग धरू नका.

माझी काळजी करू नका. खिडकीतून सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. सासूबाई तांदळाची गरम भाकरी करतात, तुझ्यासारखी पातळ नाही पण मऊ असते. आंघोळीचं पाणी हे काढून देतात, मला बादली उचलू देत नाहीत. मी डाव्या कुशीवर झोपते. पायाला तू दिलेली चौघडी घेते, तिला अजून आपल्या माळ्याचा वास आहे. प्रेशरचं मशीन घरी आणलंय, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिते. बाबा, मला गोवर आला होता तेव्हा तुम्ही रात्रभर कपाळावरची पट्टी बदलत होता आणि दर वेळी म्हणायचा, "आता थोडा उतरला हं बाळ." पट्टा फुगला की मला तेच ऐकू येतं.

आता ऐका, आणि या बाबतीत वाद नको.

आई, दिवाळीत माझं डोकं दुखलं तेव्हा तू बाबांची प्रेशरची गोळी काढून दिली होतीस. मी घेतली नाही, बरं झालं. ती टेल्मिसार्टनची आहे. गरोदरपणात तिच्यानं बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते. तू मायेनंच दिलीस, तुला कसं माहीत असणार, पण वाड्यातल्या कुणाही बाईला घरातली गोळी देऊ नकोस. आशाताई महिन्याला येतात ना, त्यांच्याकडून पट्टा लावून घ्यायला सांग. नुसते पाय सुजले म्हणजे हा आजार असं नाही, आणि सुजले नाहीत म्हणजे नाही असंही नाही. डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, उजव्या बरगडीखाली पित्तासारखं दुखणं, यातलं काही झालं तर सुंठ उगाळत बसायचं नाही.

माझ्यासाठी अळणी डबा पाठवू नकोस. मीठ तोडून हे प्रेशर उतरत नाही, बेताचं खायला सांगितलंय. लोणचं मात्र बंद, तेवढी बरणी तिकडेच राहू दे.

बाबा, तुमच्या गोळ्या संपल्यावर चार दिवस तसेच राहता, ते मला कळतं. महिन्याच्या एकदम आणून ठेवा.

आणि आई, तू इथं यायचंस. मी माहेरी येत नाही म्हणून माहेरानं इथं यायचं. बाळंत झाल्यावरही तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रेशर परत चढू शकतं, म्हणून मला लगेच हलवणार नाहीत, आणि तेव्हा मला तूच हवी आहेस. म्हैस वहिनी बघेल, मी तिच्याशी बोलले आहे. ओटीभरणाला गाव जमवू नका, पाच बायका पुरेत, इथंच. बाळंतविडा बाजारातून आणू नका. आजीची दोन जुनी लुगडी धुऊन, कडक उन्हात वाळवून आण. डिंकाचे लाडू तेव्हा कर, आत्ता नको.

येत्या मंगळवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं या. दुपारची धरू नका, ती जांबोटीलाच भरते आणि बाबा उभे राहतात. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टँडवर, हे घ्यायला येतील, रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसू नका.

तुमची,
चिमी