माफीचे व्हिडिओ थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या आळीतल्या एका मुलाने पुढाऱ्यावरचे व्यंगचित्र स्टेटसला ठेवले. त्याने ते स्वतः रेखाटले नव्हते. मोबाइलवर आले, पुढे पाठवले, एवढेच. तासाभरात दहा-पंधरा जण घरात घुसले. आईसमोर त्याला हात जोडायला लावून माफीचा व्हिडिओ काढला आणि तो गावभर फिरवला. वडील पोलिसांकडे गेले, तर "मिटलंय ना आता? कशाला वाढवताय?" म्हणून त्यांना परत पाठवले.

काय मिटले? तो मुलगा कॉलेजात जायला तयार नाही.

पालघरमध्ये तरी हे व्हायला नको होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल इथल्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या नुसत्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे प्रकरण बंद झाले, पोलीस अधिकारी निलंबित झाले. त्या अटकेनंतरच कायद्याच्या विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा सांगणारे कलम, रद्द झाले.

चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असे न्यायालयाने त्या निकालात म्हटले आहे. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी तेवढ्यावरून कोणाचे तोंड बंद करता येत नाही. चिथावणीची गय मीही करणार नाही. २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत असताना, जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. तसल्या अफवा पसरवणाऱ्याला जरूर पकडा. व्यंगचित्राला आणि त्या अफवेला एकच माप कसे लावता?

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. व्यंगचित्रात गुन्हा दिसत असेल, तर पोलिसांनी कलम नमूद करून रीतसर लेखी नोटीस द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये तशी तरतूद आहे. मुलगा हजर राहील आणि वकिलाच्या सल्ल्याने उत्तर देईल. शिक्षा ठरवायचा अधिकार दारात जमलेल्या टोळक्याला कोणी दिला?

घरात घुसणाऱ्यांचे चेहरे त्यांनीच काढलेल्या व्हिडिओत दिसतात. वडिलांची तक्रार पोलिसांनी आता तरी नोंदवून घ्यावी आणि तो व्हिडिओ पुरावा म्हणून जप्त करावा.

– एक निवृत्त शिक्षिका, पालघर