आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांना, दोन लेकींच्या आईकडून

नमस्कार सिस्टर,

तुम्ही कुणाकडून काही घेत नाही. पेढ्यांचा पुडासुद्धा तुम्ही ओपीडीत बसलेल्या बायकांत वाटून टाकलात. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला सांगितलंत ते आपल्या गोव्यात सत्तरीतल्या किंवा पेडण्यातल्या आणखी एखादीच्या कामी यावं.

सोनोग्राफीत दोन बाळं दिसली तेव्हा घरात जो तो बोलत होता. कुणी म्हणे जोडकेळं खाल्लं असणार, कुणी म्हणे आईच्या माहेरी जुळी होती. माझी आई तर गप्पच झाली होती. तुम्ही मात्र रिपोर्ट उघडून एकच गोष्ट शोधलीत आणि विचारलंत, "दोघांची वार एक आहे की दोन?" वार म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती, बाळाला पोसणारी प्लॅसेंटा. ती एक की दोन, ते रिपोर्टात नीट लिहिलेलं नव्हतं. तुम्ही मला दुसऱ्याच दिवशी परत पाठवलंत. हे ११ ते १४ आठवड्यांत सर्वांत स्पष्ट दिसतं, पुढे ओळखणं कठीण होत जातं, आणि पुढची सगळी तपासणी यावरच ठरते, असं तुम्ही बजावलंत. माझी वार एकच निघाली, बाळांभोवतीच्या पाण्याच्या पिशव्या दोन.

एक वार म्हणजे काय, ते तुम्ही कुळागराच्या, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेच्या भाषेत समजावलंत. एकाच पाटाचं पाणी दोन बाजूंना सोडलं की कधी एक बाजू तुंबते आणि दुसरी कोरडी पडते. तसं एका वारेतून दोन बाळांना जाणारं रक्त कधी कमीजास्त होतं. एकाच्या पिशवीत पाणी वाढतं, दुसऱ्याच्या आटतं. म्हणून १६व्या आठवड्यापासून दर १५ दिवसांनी सोनोग्राफी. वारा दोन असतील तर साधारण महिन्याने चालते. पोट अचानक भराभर वाढलं, ताणलं, दम लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, हेही त्याच दिवशी सांगितलंत. वेळेत कळलं तर यावर लेझरने उपचार होतात, हे तुम्ही म्हणालात म्हणून मला त्या रात्री झोप लागली. आमच्यावर तशी वेळ आली नाही, पण दर वेळी सोनोग्राफीच्या टेबलावर आडवी होताना डॉक्टर काय मोजताहेत ते मला कळत होतं.

उलट्या दिवसभर व्हायच्या. जुळ्यांत त्या जास्त असतात, थोडी थोडी पेज घेत राहा, लघवी कमी झाली तर मात्र लगेच ये, एवढं सांगून तुम्ही माझी भीती घालवलीत. रक्त कमी होण्याचा धोका दुप्पट सांभाळायचा म्हणून लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायची, कॅल्शियमची वेगळ्या वेळी. तांबडी भाजी (लाल माठ) आणि अळसांदे (चवळी) घरात होतेच. जुळ्यांत रक्तदाब चढण्याचा धोका जास्त, म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या छोट्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायला लावलंत, मनाने घ्यायची नाही असा दमही दिलात. सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा एकाएकी सुजणं, हे तुम्ही माझ्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलंत. सासूबाईंनी ते वाचून पाठ केलं होतं.

चवथीचे, गणपतीचे दिवस मी विसरणार नाही. घरात गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची घाई, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण परतलेलं, आणि मला मात्र सगळ्यांनी खाटेवर नेऊन निजवलेलं. तुम्ही आलात, सासूबाईंना म्हणालात, "काकी, हिला जड उचलू देऊ नका, चुलीपुढे तासन्‌तास उभी ठेवू नका, पण निजवूनही ठेवू नका." नुसतं पडून राहिल्याने दिवस पूर्ण भरतात असं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते, हे तुम्ही पाटावर बसून शांतपणे सांगितलंत. काकींना राग आला नाही. मग मी खुर्चीवर बसून नेवऱ्या कातल्या आणि अंगणात फेऱ्या मारल्या. सिस्टर, घरच्या माणसांना न दुखावता असं बोलता येणं ही फार मोठी विद्या आहे. मला तुमच्या सगळ्या गोळ्यांपेक्षा तिचा आधार जास्त वाटला.

त्याच दिवशी तुम्ही पुढचंही सांगून ठेवलंत. जुळी निम्म्याहून अधिक वेळा ३७ आठवड्यांच्या आतच येतात. काही अडचण नसली तरी एक वार असेल तर ३६ आठवड्यांच्या सुमारास, दोन असतील तर ३७च्या सुमारास बाळंतपण करतात, तिळ्यांचं त्याही आधी. पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर नॉर्मल होऊ शकतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून रक्त देणारी माणसं आधीच सांगून ठेवा. माझ्या पुतण्याने मित्रांना तयार ठेवलं. दवाखान्यात न्यायची पिशवी भरून दाराशी.

३३व्या आठवड्यात कंबर थांबून थांबून दुखू लागली. पोटात नाही, कंबरेत. वेळेआधीच्या कळा अशाही येतात हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मी तेल चोळून घेऊन पडले असते. आम्ही १०८ला फोन केला, वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पोचलो. बाळांच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं मिळाली आणि ती लागू पडायला लागतो तेवढा वेळही मिळाला. पहिली पायाळू होती, म्हणून सिझेरियन झालं. दोघी दोन किलोच्या आत.

त्यांना चोखता येत नव्हतं. दूध पिळून पलाडीने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने पाजायचं. एकीला छातीशी मी घेई, दुसरीला त्यांचा बाप शर्टाची बटणं काढून घेई, तासन्‌तास. पुरुषांच्या छातीची ऊबही चालते, हे त्याला तुम्हीच आधी सांगितलं होतं, नाहीतर तो लाजला असता. दूध दोघींना पुरलं. जितकं काढाल तितकं येतं, हे खरं निघालं.

घरी आल्यावर सगळे मुलींना बघायला यायचे. तुम्ही सासूबाईंना चहा ठेवायला पाठवलंत आणि मला विचारलंत, रडू येतं का, झोप मिळते तेव्हाही लागत नाही का. मी हो म्हणाले. तुम्ही त्याला बाळंतिणीचे नखरे म्हटलं नाहीत, दोन आठवड्यांवर गेलं तर डॉक्टरांकडे जायचं म्हणालात आणि पुढच्या आठवड्यात खरंच विचारायला आलात. रात्रीची एक पाळी नणंदेने घ्यायची, हेही तुम्हीच ठरवून दिलंत.

आता मुली हसतात. मान धरायला उशीर होतोय म्हणून शेजारच्या बाई काळजी करत होत्या, त्यांना मीच सांगितलं की वाढ मोजायची ती बाळंतपणाच्या दिलेल्या तारखेपासून, लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे. बुधवारी दोघींना लसीसाठी घेऊन येते. जुळी असलेल्या कुणा बाईची नवी नोंद झाली असेल, तर तिलाही बुधवारीच बोलवा. पाळी घेणारी नणंद तिच्याकडे नसेल, तर मी आहे.

तुमची,
सत्तरीतली दोन लेकींची आई