वाढत्या हाडांना साबुदाणा पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत उपवासाच्या पदार्थांची रेलचेल असते. बहुतेक पाककृती साबुदाणा, बटाटा आणि तूप यांच्यातच फिरतात. चाळिशीतल्या माणसाने त्यावर सोमवार काढला तर फारसे बिघडत नाही. पण सांगली-मिरजेत सातवी ते नववीतल्या मुलीही आईबरोबर सोमवार, संकष्टी आणि पुढे नवरात्र धरतात. त्यांचा हिशेब वेगळा आहे.

मुलींची उंची साधारण साडेअकरा-बाराव्या वर्षी, मुलांची साडेतेरा-चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. त्या सुमाराच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजांपैकी जवळपास पाव हिस्सा जमा होतो. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पातळ चकती असते. हाड लांब होते ते तिथे. पोटात अन्न नसले की इन्सुलिन उतरते, यकृतातून येणारे, चकतीला वाढायला सांगणारे आयजीएफ-१ हे संप्रेरक घटते आणि चकतीतले काम मंदावते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी अशा वेळी वाढीचे संप्रेरक उलट जास्त सोडते, पण यकृत त्याला दाद देत नाही. एका एकादशीने उंची खुंटत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. नंतर पोटभर मिळाले की शरीर बरीचशी तूट भरून काढते. आठवड्याला दोन-तीन उपवास आणि मधल्या दिवशीही डबा अर्धा परत, इथे घोडे पेंड खाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६०-७० ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट धरूनही प्रथिने पाच-सहा ग्रॅम, कॅल्शियम ५० मिलिग्रॅमही नाही. चार कप चहाने ही तूट भरत नाही.

उपवास न मोडता हे जमते. सकाळी आणि रात्री पाव-पाव लिटर दूध, दुपारी ६० ग्रॅम राजगिरा पिठाचे थालीपीठ व वाटीभर दही, संध्याकाळी वरीचा भात आणि दाण्याची आमटी. दिवसभरात शेंगदाणे ५० ग्रॅम. एवढ्यात प्रथिने ४५ ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम ९०० च्या पुढे जाते. राजगिऱ्यातल्या ऑक्झलेटमुळे (कॅल्शियमला बांधून ठेवणारे द्रव्य) त्यातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून दूध-दही वगळू नये. दुसऱ्या दिवशी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी द्यावी.

संकष्टीला चंद्रोदय रात्री साडेआठ-नऊच्या पुढे. शाळा, पीटीचा तास, शिकवणी आणि तोवर फक्त केळे, हे चालणार नाही. हरतालिकेचा निर्जळ उपवास वाढीच्या वयातल्या मुलींनी करूच नये, असे आमचे मत आहे. तालमीतल्या पोरांचेही तेच. वजनगटात बसायला जेवण तोडायचे, पाणी बंद करायचे, वर घाम गाळायचा. चौदा वर्षांच्या मुलाला खालच्या गटात कोंबण्यापेक्षा वरच्या गटात लढवावे.

कॅल्शियमची गोळी हा यावर उतारा नाही. कॅल्शियम बसते प्रथिनांच्या जाळीवर, आणि ऊर्जा कमी पडली की शरीर तीच प्रथिने इंधन म्हणून जाळते.

घरी दर तीन महिन्यांनी उंची मोजावी: अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पाटी आडवी धरून, आणि नेहमी सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरते. पाळी सुरू होण्याआधीच्या मुलीची उंची वर्षात चार सेंटिमीटरही वाढली नाही, सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही किंवा नडगीवर एकाच जागी बोट ठेवून दुखते असे मूल सांगू लागले, तर उपवास थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

– आहारतज्ज्ञ, मिरज (जि. सांगली)