निवतीचा दिवा आणि मांजराएवढं खोकड

थाउजंड ओक्स, कॅलिफोर्निया
२२ ऑक्टोबर

प्रिय बाबल,

काय रे, बरो आसस मां? तुला बेटावरचे चाळीस फोटो पाठवले आणि तू उत्तरादाखल एक अंगठा पाठवलास. म्हणून आता कागद घेऊन बसलोय. फोटोत जे आलं नाही ते इथे लिहितो, आणि तुला वाचावं लागणार आहे. गिऱ्हाईक आलं, न्याहारी द्यायची आहे, या सबबी चालणार नाहीत.

आम्ही चौघं सांता क्रूझ बेटावर जाऊन आलो. मी, मकरंद, त्याची वैशाली आणि ऑफिसातला डॅनियल. तंबूत दोन रात्री काढायच्या होत्या, तीन काढल्या. तिसरी कशी वाढली ते पुढे येईल.

आधी भूगोल. आमच्या इथल्या किनाऱ्यासमोर बेटांची एक रांग आहे. त्यातल्या पाच बेटांचं मिळून १९८० साली चॅनल आयलंड्स नॅशनल पार्क झालं. सांता क्रूझ त्यातलं सगळ्यात मोठं. व्हेंचुरा बंदरातून बोटीने तासाभरात पोचतो, म्हणजे अंतर काही फार नाही. पण तिथे हॉटेल नाही, दुकान नाही, रात्रीच्या मुक्कामाला भाड्याची खोली नाही. खायचं ते आपण न्यायचं आणि झालेला कचरा बांधून परत आणायचा, तिथे कचऱ्याचा डबासुद्धा ठेवलेला नाही. (ही युक्ती तू भोगव्याच्या किनाऱ्यावर करून बघ. लोक तुला मारतील.) शेकोटीला बंदी. शेगडी चालते, पण गॅसचं डबडं बोटीवर सामानात न टाकता वेगळं द्यायचं.

सकाळी बंदर सोडलं आणि दहा मिनिटांत वैशालीला बोट लागली. आलेपाक दिला, क्षितिजाकडे बघायला सांगितलं, सगळं झालं. ती म्हणाली, "मला समुद्रात टाका आणि तुम्ही पुढे जा." तेवढ्यात कोणीतरी ओरडलं आणि बघतो तर डॉल्फिन. तू देवबागला पर्यटकांना दाखवतोस तसे एक पाठ दिसली, गेली, असे नव्हेत. शेकड्यांनी. पाणी उकळी फुटल्यासारखं दिसत होतं, आणि त्यातले काही बोटीच्या नाळेपुढे असे पळत होते की जणू आम्हीच त्यांना ढकलतोय. वैशाली ओकारी विसरून कठड्याला लटकली.

या डॉल्फिनची एक गोष्ट आहे. चुमाश हे इथले मूळ लोक. ते या बेटाला लिमुव म्हणतात. त्यांच्या कथेत हुताश नावाच्या धरणीमातेने माणसं इथेच, या बेटावर, बियांतून उगवून आणली. पुढे माणसं इतकी वाढली की गोंगाटाने तिला झोप येईना. मग तिने इंद्रधनुष्याचा पूल टाकला आणि म्हणाली, पलीकडच्या किनाऱ्यावर जा, पण चालताना खाली बघू नका. काहींनी बघितलंच. ते पडले आणि बुडू लागले, तेव्हा तिने दया येऊन त्यांचे डॉल्फिन केले. म्हणजे चुमाशांच्या लेखी आमच्या बोटीपुढे पळणारे त्यांचे भाऊबंदच. त्यांची होडी तुला आवडेल. टोमोल म्हणतात. फळ्यांना भोकं पाडून दोरीने शिवायच्या आणि फटीत डांबर भरायचं. खिळा नाहीच. आपल्याकडेही पूर्वी शिवलेल्या होड्या असायच्या ना? मधली कित्येक वर्षं टोमोल बंदच होत्या. २००१ साली चुमाशांनी नवी टोमोल बांधून ती वल्हवत पुन्हा हे बेट गाठलं.

आता मुख्य पात्र. मी फोटोखाली "कोल्हा" लिहिलं होतं, ते चूक. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी हा घोळ घातलाय. आपल्याकडे रात्री कुई करतो तो कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. तर हे खोकड, आणि तेही मांजराएवढं. वजन दोन किलोच्या आसपास. पाठ करडी, कानांच्या मागे आणि पायांवर विटकरी रंग, शेपटीवर काळी रेघ. या बेटांखेरीज जगात कुठेही नाही. त्यातही सहा बेटांवर सहा उपजाती, प्रत्येकीचं घर वेगळं. बेटावर बरेच मोठे प्राणी लहान होत जातात म्हणतात. शेजारच्या सांता रोझावर तर १९९४ साली बुटक्या मॅमथचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला होता. हत्तीचं हे, तर खोकडाचं काय घेऊन बसलास.

पहिल्या संध्याकाळी मी तंबूची मेख ठोकत होतो आणि ते दहा फुटांवर आलं. पळालं नाही, बिचकलं नाही. गळ्यात रेडिओ कॉलर होती. आधी माझ्या बुटाचा वास घेतला आणि नाक फेंदारलं. (बरोबर आहे.) मग जमिनीला कान लावल्यासारखी मान तिरकी केली, पुढच्या दोन पायांनी भराभर माती उकरली, काहीतरी किडा काढला आणि कुरुम कुरुम चावून खाल्ला. तो आवाज मला ऐकू आला, इतकं जवळ. नंतर मकरंदच्या सॅकवर तंगडी वर करून निघून गेलं. मकरंदने यादी करून, वजन करून भरलेली सॅक. आम्ही तिघं हसून हसून आडवे झालो. या हसण्याचं माप माझ्या पदरात दुसऱ्या दिवशी पडलं.

पण आधी त्याची खरी गोष्ट. हे जनावर संपतच आलं होतं. या बेटावर १९९४ च्या सुमारास दीडेक हजार होती, २००० च्या आसपास शंभराच्या आत आली. पलीकडच्या दोन बेटांवर तर पंधरा-पंधराच उरली. कारण काय, तर गंमत बघ. किनाऱ्यावरच्या एका कारखान्याने १९४७ पासून वर्षानुवर्षं डीडीटीचं सांडपाणी समुद्रात सोडलं. ते माशांत गेलं, माशांतून बाल्ड ईगलमध्ये. हा आपल्या समुद्रगरुडाचा सख्खा चुलतभाऊ, मासे खाऊन राहणारा. त्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, उबवायला बसलं की फुटायची. बेटांवरून तो नाहीसा झाला. हद्द राखणारा गेला म्हटल्यावर मुख्य भूमीवरचा सोनेरी गरुड आला. त्याला इथे आयती रसद होती ती डुकरांची. एकोणिसाव्या शतकात पाळायला आणलेली डुकरं रानात सुटून हजारोंनी वाढली होती. पिल्लं खाता खाता गरुडाला खोकड दिसलं. या बिचाऱ्याला आकाशातून मरण येतं हे ठाऊकच नव्हतं, भर दुपारी उघड्यावर फिरायचं. त्यात मेंढ्यांनी लपायची झुडपंही खाऊन टाकलेली.

मग पार्कवाल्यांनी आणि बेटाचा मोठा हिस्सा ज्यांच्याकडे आहे त्या नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्ग राखणाऱ्या संस्थेने मिळून हा गुंता उलट्या बाजूने सोडवायला घेतला. उरलेली खोकडं पिंजऱ्यात घेऊन त्यांची वीण वाढवली. चाळीसच्या वर सोनेरी गरुड जिवंत पकडून लांब सोडले. साठेक बाल्ड ईगल आणून सोडले, आणि २००६ साली पन्नासहून जास्त वर्षांनी बेटावर त्यांचं पिल्लू आपोआप अंड्यातून बाहेर आलं. आणि डुकरं मारली. पाच हजारांवर. सगळी. २०१६ साली या बेटावरच्या खोकडांचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून निघालं. ही यादी ज्या अमेरिकी कायद्याची, त्याखाली तोवर इतक्या लवकर सावरलेलं दुसरं सस्तन जनावर नव्हतं.

हे डॅनियलने रात्री कॉफी पिता पिता सांगितलं आणि वैशाली उखडली. "डुकरांचा काय गुन्हा? ती काय पोहत आली होती?" डॅनियल म्हणाला, दोन्ही ठेवता आली नसती. मकरंद म्हणाला, पकडून न्यायची. डॅनियल म्हणाला, डोंगराळ बेटावरून पाच हजार रानटी डुकरं, कशातून नेणार? त्या वेळीही लोक कोर्टात गेले होतेच. अकरा वाजेपर्यंत हेच चाललं. मला विचारशील तर मी डॅनियलच्या बाजूचा. आणली माणसाने, निस्तरणार माणूसच. पण "बाजूचा" हा शब्द मी हेडटॉर्चच्या उजेडात, पोट भरलेलं असताना म्हटला, हेही तितकंच खरं. वैशाली उठून तंबूत गेली ती गुड नाइट न म्हणता.

दुसऱ्या दिवशीचा पराक्रम माझा. मुक्कामाच्या जागी प्रत्येक तंबूला एक लोखंडी पेटी असते. खाणं त्यातच ठेवायचं आणि कडी लावायची, असं उतरल्या उतरल्या बजावून सांगतात. कारण खोकडं, आणि त्याहून बेरकी म्हणजे डोमकावळे. हे डोमकावळे चेन उघडतात असं रेंजर म्हणाला तेव्हा मला वाटलं, पर्यटकांना घाबरवायला सांगत असेल. दुपारी मी खाण्याची पिशवी पेटीतून काढून बाकावर ठेवली, एवढ्यात ओकच्या झाडावर 'आयलंड स्क्रब जे' नावाचा निळा पक्षी दिसला. हाही पक्षी फक्त या एका बेटावर आहे, जगात दुसरीकडे नाही. मी कॅमेरा घेऊन पळालो. पाच मिनिटं, जास्त नाही.

परत येतो तर बाकावर डोमकावळा. त्याने चेनची टिकली चोचीत धरलेली, आणि शांतपणे, एखाद्या शिंप्यासारखा, बाजूबाजूने चालत ती ओढत नेत होता. अडकली की थांबायचा, मान वाकडी करून बघायचा, जरा मागे घेऊन पुन्हा ओढायचा. माझी सॅकची चेन अडकते तेव्हा मी शिव्या देतो. मी आरोळी ठोकली तोवर त्याने थेपल्यांचं अख्खं पाकीट उचललं होतं. दुसरा कुठूनसा आला आणि बाकरवडी घेऊन गेला. मेतकुटाचा डबा खाली पडून फुटला आणि माती पिवळी झाली. रान बिघडू नये म्हणून मी गुडघ्यावर बसून ती सगळी माती चमच्याने पिशवीत भरली. मकरंद समोर उभा राहून बघत होता. काही बोलला नाही. त्याची सॅक मी विसरलो होतो, तो विसरला नव्हता.

आणि त्याच रात्री वारा फिरला. शरदात इथे वाळवंटाकडून समुद्राकडे गरम कोरडा वारा सुटतो, सांता आना म्हणतात. एरवी पश्चिमेकडून येतं ते सगळं उलटं येतं, आणि आमचा धक्का नेमका पूर्वेच्या अंगाला. सकाळी रेंजर सांगत आला, आज बोट लागणार नाही. (लागणार नाही म्हणजे धक्क्याला. वैशालीला ती कुठेही लागते.) एक दिवसाचं जास्त खाणं ठेवा, ही सूचना मकरंदने पाळली होती. ते जास्तीचं खाणं म्हणजेच थेपले.

मग उरलं ते मोजलं. तीन वाट्या तांदूळ, अर्धी बरणी लिंबाचं लोणचं, कॉफी, सहा सफरचंदं. पाण्याला नळ आहे, ते एक बरं. मऊ भात केला, चार भाग केले, आणि मी माझा भाग मकरंदपुढे सरकवला. त्याने तो न बघता परत ढकलला आणि म्हणाला, "लोणचं तरी नीट वाढ." दिवसभरातलं त्याचं पहिलं वाक्य. वैशालीला हसू फुटलं. तीही सकाळपासून डॅनियलशी बोलली नव्हती, तिने त्याला अर्धं सफरचंद कापून दिलं. डुकरांचा निकाल अजून लागलेला नाही.

संध्याकाळी वारा जरा पडला तेव्हा मी एकटा कड्यावर जाऊन बसलो. खाली लाटा गुहांत शिरून धडधडत होत्या. पूर्वेला अॅनाकापाचं बेट, अंधार झाल्यावर त्यावरचा दीपगृहाचा दिवा लागला. आला, गेला. आला, गेला.

बाबल, तुला आठवतं? आठवीत असताना निवतीच्या किल्ल्यावर बसून आपण समोरच्या खडकांवरचा दिवा मोजायचो. तुझा काका सांगायचा, तिथे गुहांत पाकोळ्या आहेत, थुंकीने घरटी बांधतात, आणि ती घरटी चोरून परदेशात विकतात, सूप करून पितात. आपल्याला ते खोटं वाटायचं. पुढे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी ती चोरी उघडी पाडून राखण बसवली तेव्हा कळलं, काका खरं बोलत होता. एकदा मे महिन्यात त्याच्या होडीतून गेलो होतो, पार जवळ. पण फुगवटा इतका होता की होडी लागेना. काका म्हणाला, "फुडल्या वर्षी." मग तुझी बारावी, माझं पुण्याचं कॉलेज, काका गेला. मी साता समुद्रापलीकडची बेटं बघून आलो आणि घरासमोरचं राहिलं.

मी १८ डिसेंबरला येतोय, तीन आठवडे. परवानगी कोणाकडून लागते ते विचारून ठेव. खडकावर चढायचं नाही, पाकोळ्यांना त्रास द्यायचा नाही. होडीतून एक फेरी मारायची आणि मागे फिरायचं. तुझ्या गिऱ्हाइकांना नेऊ नकोस, आपण दोघंच. मकरंदही येईन म्हणतोय, त्याला सध्या मी कशालाच नाही म्हणू शकत नाही.

काकीला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
नंदू

ता. क. मेतकूट करून ठेवायला सांग. दोन डबे. एक मकरंदचा आहे.