वय वर्षे ७८, मर्यादा मात्र ५००

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात धाप लागते म्हणून माझ्या ७८ वर्षांच्या आईची 'डी-डायमर' तपासणी झाली. (गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्याची ही चाचणी; आकडा मर्यादेखाली असेल तर गुठळी सहसा नाकारता येते.) आकडा आला ७१०. रिपोर्टवर मर्यादा ५००, त्यामुळे आकडा ठळक अक्षरांत आणि घरात घबराट! फुफ्फुसात रक्ताची गुठळी असेल म्हणून लगेच सीटी स्कॅन झाले. गुठळी नव्हती. पण स्कॅनसाठी शिरेतून सोडलेल्या औषधाने तिच्या आधीच नाजूक मूत्रपिंडांची आठवडाभर काळजी लागून राहिली.

डी-डायमर वयानुसार वाढतोच. म्हणूनच पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा ठरवावी, असे सुचवले गेले. बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधील ३,३४६ रुग्णांवर हे पडताळले गेले, निष्कर्ष २०१४ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आले. पंचाहत्तरीपुढच्या आणि तपासणीत डॉक्टरांना गुठळीची दाट शंका नसलेल्या रुग्णांत, केवळ या चाचणीवर गुठळी नाकारता येण्याचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून २९.७ टक्क्यांवर गेले. ५०० आणि नवी मर्यादा यांच्या मधल्या ३३१ जणांपैकी तीन महिन्यांत गुठळी निघाली एकाच्याच. (दाट शंका असेल तर मात्र आकडा न पाहता स्कॅनच हवे.) या हिशेबाने आईची मर्यादा ७८० होती.

ज्या एककात मर्यादा ५०० असते त्याहून वेगळे एकक काही प्रयोगशाळा वापरतात, तिथे हा गुणाकार चालत नाही. तेव्हा एकक ठळक छापावे आणि शेजारी वयानुसार मर्यादाही द्यावी, एवढीच प्रयोगशाळांना विनंती.

– एक वाचक, पुणे